मेणाचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, पण मला हातात घेतलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. अंगावर एक चीर नाही, एक ओरखडा नाही, पॉलिश अजून टिकून आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपल्या जखमा दाखवतात. माझ्याकडे दाखवायला काहीच उरलेलं नाही, आणि माझी सगळी रडकथा तीच आहे. तरी सांगते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या चाळीसेक जणी तयार झाल्या. त्यांच्यात मी उजवी नव्हते आणि डावीही नव्हते. खोक्यात भरून, आगगाडीत घालून आम्हाला देशभर पाठवलं आणि माझ्या वाट्याला नाशिकजवळचं देवळाली कॅम्प आलं. तिथल्या बाजारात वाद्यांचं एक छोटं दुकान होतं. पहिल्यांदा मला तोफखान्यातल्या एका जवानाने घेतलं. तो ईशान्येकडच्या डोंगरातला. त्याला गाणी दोनच येत, तीही अर्धी अर्धी, पण गायचा मनापासून. त्याची बदली झाली तेव्हा त्याने मला परत त्याच दुकानात आणून ठेवलं आणि जाताना माझ्या गळ्यावरून हात फिरवला. मग दोन वर्षं मी काचेमागे उभी होते. लांबून सरावाच्या तोफा ऐकायच्या आणि कुणाची तरी वाट पाहायची, एवढंच काम.

एक्क्याण्णव साली चंदर आला.

चंदर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आयटीआय करून तो वीज मंडळात वायरमन लागला होता आणि कॅम्पात त्याची नेमणूक होती. खांबावर चढला की काम संपल्यावरही तो लगेच खाली उतरत नसे. तारांची गुणगुण ऐकत वरच थांबे. बरोबरचे लोक हसायचे, "चंदरला शॉक लागत नाय, सूर लागतो." दुकानात येऊन त्याने इतरांसारखं मला खसाखसा छेडलं नाही. माझ्या पाठीला कान लावला आणि बाजारात कलिंगड पाहतात तसं बोटाने ठोकून पाहिलं. मला जरा रागच आला. पण मग त्याने एकच तार वाजवली, आणि तिचा आवाज पुरता विरेपर्यंत तो जागचा हलला नाही. इतका वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्याची झाले.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. चंदर पुस्तकं पाहून शिकला, चर्चमधल्या एका मास्तरांकडे काही महिने गेला आणि लवकरच नाशिकच्या 'गोदा मेलडीज' नावाच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. लग्नं, हळदी, गणपती, नवरात्र, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, आम्ही कुठे गेलो नाही ते विचारा. ओझरच्या एका हळदीत संध्याने आम्हाला पाहिलं. ती नवरीची मावसबहीण, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने चिठ्ठी पाठवून सिनेमातल्या एका जुन्या गाण्याची फर्माईश केली. चंदरने ते वाजवलं. पुढच्या कार्यक्रमाला ती पुन्हा आली आणि पुन्हा तीच चिठ्ठी. तिसऱ्या वेळी चंदरने चिठ्ठीची वाट न पाहता ते गाणं सुरू केलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. संध्याचं घर द्राक्षबागायतदारांचं. मुलीने पेठकडच्या आदिवासी वायरमनशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी दोन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. दोघांनी इंदिरानगरमध्ये दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत संसार होता आणि दुसऱ्या खोलीत मी.

शहाण्णव साली चंदरचे वडील गेले. त्यांचं नाव मंगळू. त्यांची ओळख करून दिल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकणार नाही. मंगळूबाबा भात आणि नागली पिकवायचे, आणि त्यांच्या पाड्यावर थाळी वाजवणारे ते एकटेच होते. ही थाळी जेवायची नव्हे. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा लावायचा, त्यात एक लांब बारीक काडी उभी रोवायची आणि काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमू लागते. तो आवाज कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगता येत नाही. कुणी माणूस गेलं की त्याच्या दिवसाला मंगळूबाबा थाळी लावून बसत आणि रात्रभर कथा सांगत, गेलेल्याला वाट दाखवत. त्यांच्या घरात एक रीत होती. ज्याचा दिवस असेल त्याच्या नावाने चिमूटभर नवं मेण जुन्या गोळ्यात मिसळायचं. मंगळूबाबांच्या आज्यापासून हे चालत आलेलं. गोळा काळा पडला होता, हाताला जड लागत होता, आणि पाड्यावरची तीन पिढ्यांची माणसं त्यात होती.

खुद्द मंगळूबाबांच्या दिवसाला दुसऱ्या पाड्यावरून थाळीवाला बोलवावा लागला. कार्य उरकल्यावर चंदरचा चुलता केरू याने तो गोळा चंदरच्या हातावर ठेवला.

"वाजवणारा गेला. आता हे घरात ठेवून मी काय करू? तुझ्याकडं वाजतं लाकूड हाय. तू ने."

चंदरने ते बोलणं शब्दशः घेतलं. एका दुपारी त्याने मला सतरंजीवर आडवं केलं, मेण दिव्यावर मऊ केलं आणि माझ्या पोटावर, तारा जिथे बांधतात त्याच्या खाली, दाबून बसवलं. त्यात काडी रोवली. मग पक्कड घेऊन माझ्या मानेवरच्या अर्ध्या पितळी पट्ट्या उपटून काढल्या. सूर आता तुकड्यातुकड्यांनी नको, घसरत यायला हवा, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. एक तार काढून तिथे सायकलच्या ब्रेकची तार ओढली. मित्रांनो, मी मनातल्या मनात चांगलीच बोंब ठोकली. ह्या माणसाचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. मग त्याने बोटांना राख लावली आणि काडीवरून हात खाली ओढला.

माझ्या पोटातून असा आवाज निघाला, जो मी जन्मात काढला नव्हता.

चंदरची आई भागीबाई तेव्हा त्यांच्याकडे राहायला आली होती. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"कोण गेलं रं?"

"कुणी नाय, आई."

"मंग हे काय?"

चंदरने मला दाखवलं. भागीबाईने मेण ओळखलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. चंदरला वाटलं, आता ही रागावणार. शेवटी ती म्हणाली, "अजून खाली. तुझा बाप अजून खाली उतरायचा."

चंदरने हात आणखी खाली ओढला. भागीबाईने डोळे मिटले. त्या दुपारी ती सांगत गेली आणि तो वाजवत गेला, आणि एका ऑर्केस्ट्रावाल्याचा संगीतकार झाला. त्याच्या साऱ्या आयुष्यात त्याला मिळालेली ती एकच खरी शिकवणी.

संध्या शाळेतून यायच्या आधी भागीबाईने त्याला जवळ बोलावलं. "सुनेला यातलं सांगू नको. दिवसाच्या थाळीचं मेण हाय, आन् ती पोटुशी हाय. काय कमीजास्त झालं तर तिच्या मनात जन्मभर राहील."

संध्याकाळी संध्या आली. माझ्या अंगावरचा काळा ठिपका तिला दारातूनच दिसला. "अहो, हे काय केलंत?"

"काही नाही," चंदर म्हणाला. "काडी बसवायला साधं मेण लावलं. त्याचा डाग पडलाय. राहू दे."

चंदर खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे खोटं त्याने मायेपोटी सांगितलं, आणि मायेपोटी सांगितलेलं खोटं मागे घेणं किती अवघड असतं हे मी पुढची बारा-तेरा वर्षं पाहिलं.

त्याच वर्षी त्याने एक कॅसेट काढली. ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही ती तीन दिवसांत वाजवली. चंदरने तिचं नाव ठेवलं 'दिवस'. त्याच्या मनात वडिलांचा दिवस होता. पण मित्रांनो, आपल्या भाषेत बाईला मूल राहिलं की तिला दिवस गेले असंच म्हणतात. संध्याला तेव्हा दिवस गेले होते. तिने नाव वाचलं आणि तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तिला वाटलं, नवऱ्याने पहिली कॅसेट बाळाच्या नावाने काढली. तिने स्वतः रंगपेटी घेऊन वेष्टनावर उगवता सूर्य काढला. चंदरने तिचा समज खोडला नाही, रंगांसाठी वाटीत पाणी आणून दिलं.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. दोन वर्षांनी आणखी एकदा तसंच झालं. मग डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. आता तुम्हीच सांगा, त्यानंतर चंदरने कुठल्या तोंडाने तिला सांगायचं की घरात मेण कसलं आलं होतं आणि ते नाव कशाचं होतं? ती कॅसेट संध्याने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली होती.

चंदरने ऑर्केस्ट्रा सोडला. नाशिकच्या एका सभागृहात आमचा पहिला कार्यक्रम झाला. चंदर वीस मिनिटं डोळे मिटून वाजवत होता. मी घुमत होते, हळूहळू वर चढत होते. तेवढ्यात एक संयोजक विंगेतून वाकून अदबीने म्हणाले, "ट्यूनिंग झालं की सुरू करा, सर." पहिल्या रांगेतले लोक खो खो हसले. चंदरही हसला. घरी येताना रिक्षात मात्र त्याने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. 'गोदा मेलडीज'चे जुने सोबती भेटले की विचारायचे, "काय चंदर, झालं का ट्यूनिंग?" पुढची किती वर्षं तो विनोद चालला.

पण त्या कॅसेटींना पाय फुटले. एक पुण्याला गेली, एक मुंबईला, एक कुणाच्या तरी पिशवीतून थेट जर्मनीला. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आमच्यावर अर्धं पान आलं. बोलावणी येऊ लागली. चंदर रजा टाकायचा, मला पाठीवर मारायचा आणि निघायचा. दोन हजार तीन साली आम्ही जर्मनीला गेलो. तिथल्या एका छोट्या सभागृहात शेदीडशे माणसं श्वास रोखून बसली होती. वाजवून झाल्यावर कुणी टाळी वाजवेना. मला वाटलं, इथेही ट्यूनिंगच झालं. मग सगळे उभे राहिले. नंतर एका मासिकाच्या बाईंनी दुभाष्याला घेऊन चंदरची मुलाखत घेतली, आणि चंदर बोलत सुटला. मंगळूबाबा, थाळी, मेण, चिमूट चिमूट करून त्यात घातलेली माणसं, सगळं. जे घरात सांगता आलं नव्हतं ते त्याने हजारो कोसांवर, जिथून ते घरी पोचणार नाही अशा ठिकाणी सांगून टाकलं. इंदिरानगरच्या गल्लीत मात्र तो वायरमनच राहिला. फ्यूज गेला की लोक हाक मारायचे आणि तो जायचा.

परतीच्या प्रवासात मला चीर पडली. मेणापासून कडेपर्यंत, वीतभर. चंदरने घरी येऊन काडीवर हात ओढला आणि त्या चिरेतून एक हलका सुस्कारा आला. तो खूश झाला. म्हणाला, "आता हिला श्वास लागला." संध्याला ते ठाऊक नव्हतं. ती चीर पाहून हळहळायची. "दुरुस्त करून घ्या ना हो," म्हणायची. चंदर म्हणायचा, "बघू." माझ्या मालकाचे शब्द मोजकेच, आणि जिथे दोन जास्त लागत तिथे तो एक कमी वापरायचा.

पुढची तीन वर्षं त्याने एकच रचना बांधली. सव्वा तासाची. तिचं नाव 'मंगळू'. त्यात पेठचा घाट होता, भाताच्या खाचरातलं पाणी होतं, खांबावरच्या तारांची गुणगुण होती आणि सगळ्याच्या बुडाशी थाळी होती. कागदावर त्याने काही म्हणून उतरवलं नव्हतं. काडी कुठे, किती तिरकी रोवायची त्याच्या सात खुणा मेणात होत्या. त्या सात ठिकाणांहून सात वेगळे आवाज निघत, आणि त्यांच्यावर ती रचना उभी होती. मुंबईच्या एका कंपनीने ध्वनिमुद्रणाची तारीख दिली, दोन हजार सातचा जानेवारी. चंदरने आयुष्यात एवढी कशाचीच वाट पाहिली नव्हती. संध्याने शाळेत सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले.

नोव्हेंबरात भागीबाई आजारी पडली. चंदर पेठला निघाला. पायऱ्या उतरता उतरता तो वळून संध्याला म्हणाला, "हिची तेवढी काळजी घे." हिची म्हणजे माझी.

आठ दिवसांत भागीबाई गेली. संध्या अंत्यविधीला जाऊन आली आणि येताच तापाने फणफणली. त्या वर्षी चिकुनगुन्याची साथ होती. तिचे गुडघे, मनगटं, बोटांची पेरं सुजली. सासूच्या दिवसाला तिला जाता आलं नाही. ती अंथरुणात पडून रडायची. सून असून आपला काही उपयोग झाला नाही, हे तिला सलत होतं. पडल्या पडल्या तिची नजर माझ्याकडे जायची. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच म्हटलं असतं की बाई, माझ्याकडे पाहू नकोस.

जरा उभं राहता येऊ लागल्याबरोबर ती मला घेऊन दोन बस बदलून मेन रोडजवळच्या एका बोळात गेली. पायऱ्या चढताना ती कठड्याला धरत होती. तिथे पुंजाकाका पेट्या, तंबोरे आणि गिटारी दुरुस्त करायचे. हातात कसब असलेला, सरळ माणूस. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ताई, ह्या पट्ट्या निघाल्यात. बसवून देऊ?"

"नको, त्या ह्यांनी मुद्दाम काढल्यात. आणि ती ब्रेकची तार आहे ना, तीही तशीच राहू द्या. फक्त चीर तेवढी बुजवा. जानेवारीत मुंबईला रेकॉर्डिंग आहे."

पाहिलंत? ती अडाणी नव्हती. नवऱ्याचं काम तिला समजत होतं. जे तिला सांगितलं गेलं होतं ते तिने सगळं जपलं.

पुंजाकाकांनी मेणावर बोट टेकवलं. "चीर इथूनच निघालीय. हे काढावं लागेल. मुद्दाम लावल्यासारखं दिसतंय. ठेवायचंय का?"

संध्याने वाकून तो ठिपका पाहिला. मग म्हणाली, "नाही हो, साधं मेण आहे ते. नवीन लावतील. डागच पडलाय तो, ते स्वतःच म्हणतात."

पुंजाकाकांनी पातं तापवलं आणि मेण खरवडून काढलं. ते तुकडे तुकडे होऊन कागदावर पडलं. त्यांनी कागद उचलून सरस वितळवायच्या शेगडीत टाकला. मेण भुरभुर पेटलं, थोडा धूर झाला आणि संपलं. मग त्यांनी चीर इतकी सुबक सांधली की जागा सापडू नये. वरून पॉलिशचे तीन हात दिले. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

चंदर बाराव्या दिवसानंतर दुपारच्या एसटीने आला. केस काढलेले, चेहरा ओढलेला. त्याच्या हातात पळसाच्या पानाची एक लहानशी पुडी होती. मला ती पाहताच कळलं. भागीबाईच्या नावाचं नवं मेण. ते त्याला जुन्यात मिसळायचं होतं. बूट काढायच्या आधी तो माझ्या खोलीत आला.

संध्या मागोमाग आली. तिची बोटं अजून सुजलेली होती आणि चेहरा आनंदाने फुललेला होता. "बघा तरी," ती म्हणाली. "मला आईंच्या दिवसाला येता आलं नाही. म्हटलं, एवढं तरी करावं."

चंदर माझ्याकडे पाहत राहिला. त्याने हात पुढे केला आणि जिथे मेण होतं तिथे बोट फिरवलं. बोट गुळगुळीत लाकडावरून सरकलं. पंधरा वर्षं माझ्या ओळखीचं ते बोट पुन्हा मागे आलं, पुन्हा सरकलं.

"काकांना सगळं नीट सांगितलं मी," संध्या म्हणत होती. "पट्ट्यांना हात लावू दिला नाही. तो डाग तेवढा काढला. आवडलं ना?"

चंदरने ती पुडी खिशात घातली. मग मला उचललं, खाटेवर बसला आणि वाजवायला लागला. काय वाजवलं सांगू? संध्याचं ते सिनेमातलं गाणं. अर्ध्या पट्ट्या नसताना ते वाजवणं सोपं नव्हतं, पण त्याने एक सूर चुकवला नाही. संध्या दाराला टेकून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सुखाचं होतं.

"छान वाजते," तो म्हणाला. "बरं केलंस."

त्यानंतर संध्या शाळेत गेली की तो खोलीचं दार लावून घ्यायचा. भागीबाईच्या मेणाची ती चिमूट त्याने लावून पाहिली. त्यात काडी उभी राहीना. बाजारातून मेण आणलं, डोंगरातून मधमाश्यांचं आणलं. आवाज यायचा, पण पातळ, पोरका. सात खुणा कुठे होत्या ते त्याची बोटं शोधत राहायची. मी माझ्याकडून जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. मला सगळं आठवत होतं आणि काढता काही येत नव्हतं. एकदा संध्या लवकर घरी आली आणि त्याच्या हातात मेण पाहून हसत म्हणाली, "अहो, जपून. पुन्हा डाग पडेल." त्याने मेण खाली ठेवलं. ते त्याने पुन्हा उचललं नाही.

मुंबईला त्याने फोन केला. "माझी तयारी नाही," एवढंच बोलला. संध्याने कारण विचारलं तर म्हणाला, "आई गेल्यापासून मन लागत नाही." तिला ते खरं वाटलं. ती त्याला जपू लागली, त्याच्यासाठी नागलीची भाकर करायला शिकली. कंपनीने आणखी दोनदा तारीख दिली आणि मग देणं बंद केलं. मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. कुणाच्या वाढदिवसाला मला खाली काढत आणि ते गाणं वाजे. लोक म्हणायचे, चंदरभाऊ आता कसं छान, समजेल असं वाजवतात.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये पुण्याहून पूजा नावाची एक मुलगी आली. ती संगीतावर पुस्तक लिहीत होती. तिच्याकडे 'दिवस' ही कॅसेट होती आणि जर्मन मासिकातल्या त्या मुलाखतीचा तिने करून घेतलेला मराठी अनुवाद होता. चंदर कामावरून नुकताच आला होता. संध्या आत पोहे करत होती.

"सर, मला ती मेण लावलेली गिटार पाहायची आहे," पूजा म्हणाली. "तुम्ही म्हणालाय ना, 'माझ्या वडिलांच्या दिवसाच्या थाळीचं मेण. तीन पिढ्यांचे मृत त्यात आहेत. ते गेलं तर माझं संगीत गेलं.' मी हे किती वेळा वाचलंय. आणि कॅसेटचं नावसुद्धा त्यावरूनच ना?"

चंदरने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात संध्या पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"ती गिटार चोरीला गेली," चंदर म्हणाला.

मी त्याच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर लटकत होते. पूजाने माझ्याकडे एकदा ओझरतं पाहिलं. स्वच्छ, चकचकीत, बिनडागाची. तिने वहीत काहीतरी लिहिलं, हळहळ व्यक्त केली, पोहे खाल्ले आणि ती गेली.

पूजाच्या मागे दार लागलं. संध्या खाली बसली होती, भागीबाई पूर्वी बसली होती तशीच भिंतीला टेकून.

"मला का नाही सांगितलंत?"

"आई म्हणाली होती. तू पोटुशी होतीस. आणि मग..." चंदर थांबला. "मग कसं सांगणार?"

"दोन वर्षं तुम्ही मला ते गाणं वाजवून दाखवताय."

"तुझी काय चूक? तू काळजीच घेतलीस."

संध्याने पदर तोंडाला लावला. ती रडली नाही. जरा वेळाने तिने विचारलं, "आणि दिवस? ते नाव बाळाचं नव्हतं?"

चंदरने पुष्कळ विचार केला. खोटं बोलायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. पण तो आता थकला होता. "आधी बाबांचं होतं," तो म्हणाला. "मग दोघांचं झालं."

तुम्हाला वाटेल, सगळं उघड झालं, आता मन मोकळं झालं असेल. तसं झालं नाही. दोघं एकमेकांशी फार चांगलं वागतात, पाहुण्यांशी वागावं तसं. त्याने कधी तिला दोष दिला नाही. दिला असता तर ती भांडली असती, रडली असती, आणि कदाचित एके दिवशी दोघं हसलीही असती. चंदरने पुन्हा काही रचलं नाही. आमचं ते सव्वा तासाचं 'मंगळू' जगात कुणी ऐकलेलं नाही. ते फक्त मला माहीत आहे, आणि मी एकटी वाजू शकत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आमची काळजी घ्या. मी तसं नाही सांगणार. माझी काळजी फार चांगली घेतली गेली. मी एवढंच म्हणेन की कुणाच्या वस्तूवरचा डाग काढायच्या आधी दोनदा विचारा. आणि तो डाग तुमचा असेल, तर आपल्या माणसाला सांगा तो कशाचा आहे. ऐकून त्याला दुःख होईल म्हणून गप्प बसू नका.

आणि एक काम आहे. संध्या रोज सकाळी शाळेत जायच्या आधी घर झाडते. कपाट पुसते, खिडकी पुसते, टीव्ही पुसते. फडकं घेऊन माझ्यापर्यंत येते आणि तिचा हात हवेत थांबतो. मग ती मागे फिरते. वर्ष होत आलं, तिने मला हात लावलेला नाही. चंदर भिंतीकडे पाहत नाही, त्यामुळे त्याच्या हे लक्षातही आलेलं नाही. माझ्या खांद्यांवर, तारांवर, पोटावर थर साचला आहे. तुमच्यापैकी कुणी तिच्या वर्गात असाल, तर मधल्या सुट्टीत तिला जवळ जाऊन सांगा, बाई, ती पुसून टाका. ती नुसती धूळ आहे.